बोटांचा जोर कोपराखाली

१९८८ च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये 'कॅम्पस सेंटर' नावाच्या व्यायामशाळेत वोल्फगांग ग्युलिश या जर्मन क्लाइंबरने एक तिरकी फळी बसवली. तिच्यावर ओळीने लाकडी पट्ट्या. पाय अधांतरी सोडायचे आणि नुसत्या बोटांच्या बळावर खालच्या पट्टीवरून वरच्या पट्टीवर झेप घ्यायची. पुढे या सरावाच्या जोरावर १९९१ मध्ये त्याने फ्रँकेनयुराच्या चुनखडकात 'अ‍ॅक्शन डायरेक्ट' ही पुढे झुकलेली भिंत सर केली. तिथे हाताला लागतात ती एक-दोन बोटं जेमतेम शिरतील अशी भोकं. ग्युलिशची फळी मग 'कॅम्पस बोर्ड' म्हणून जगभर पोचली.

क्लाइंबिंग शिकायला आलेल्या नव्या मुलांचा डोळा नेमका त्या फळीवर. दहा-बारा पुलअप निघत असतील तर विचारूच नका! पण पुलअपमध्ये राबतात पाठ आणि दंड, होल्ड, म्हणजे हाताची पकड, मात्र निसटतो बोटांतून. आणि बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि मूठ वळा; हालचाल तिथे लागेल. तिथून निघालेल्या कंडरा, गळाच्या काठीवरच्या कड्यांतून दोरा जावा तशा, हाडाला चिकटलेल्या चिवट पट्ट्यांखालून पेरांपर्यंत जातात. या पट्ट्यांना डॉक्टर 'पुली' म्हणतात.

बारीक कडेवर बोटं घट्ट दुमडून वरून अंगठा दाबला, म्हणजे 'क्रिंप' केलं, की तळच्या पेरातल्या 'ए-टू' पुलीवर जबर ताण येतो. ती फाटताना कधीकधी 'टक्' असा आवाज शेजारच्यालाही ऐकू जातो. बहुधा बळी जाते अनामिका नाहीतर मधलं बोट, आणि मग चढाई कित्येक आठवडे बंद.

स्नायू लवकर भरतात, कंडरा आणि पुली सावकाश. म्हणून पहिलं वर्ष-दोन वर्षं नुसतं चढावं. मग हँगबोर्ड, म्हणजे लोंबकळायला कडा असलेली फळी: २० मिलिमीटरची कड, बोटं अर्धी वाकवलेली, १० सेकंद लोंबकळायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. असं चार-पाचदा, आठवड्यातून दोन दिवस. पाय खुर्चीवर टेकवून अंगाचा भार कमी केला तर त्यात कमीपणा नाही. वाढत्या वयाच्या मुलांनी कॅम्पस बोर्डपासून लांबच राहावं. त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात.

सह्याद्रीतल्या लिंगाण्यावर किंवा ड्यूक्स नोजवर पावलं, दोर आणि हातात निखळून येणारा दगड यांचीच चिंता जास्त. बोटांचा खरा कस लागतो बदामीच्या वालुकाश्मावर, नाहीतर शहरातल्या कृत्रिम भिंतीच्या झुकत्या भागावर. हिवाळ्यात बदामी गाठायची असेल, तर हँगबोर्ड पावसाळ्यातच दाराच्या चौकटीवर चढलेला बरा.