जास्त पळणारी मोटार आणि तिचा हप्ता

बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण काय करतो? दात पाहतो. खांदा पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मग रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. बैल नांगराला हवा की गाडीला, हे तर घरून निघतानाच ठरलेले असते.

मोटार घ्यायला गेलो की हे सारे आपण विसरतो. रंग पाहतो, काचा खालीवर करून पाहतो, आणि एकच प्रश्न विचारतो, "हप्ता किती बसतो?" हप्ता ऐकला की सौदा झाला!

महिन्यातून दोनदा देवाला नि पाहुण्यांकडे जायला ज्याला मोटार हवी, त्याच्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. आम्ही लिहितो ते भाड्याच्या मोटारीविषयी. रोज पहाटे निघणारी, रात्री परत येणारी, पोट भरायला घेतलेली मोटार. अशी मोटार कर्ज काढूनच घेतली जाते. म्हणून आधी मोटारीचा आणि मग कर्जाचा हिशेब आपण करून पाहू.

समजा, जुन्नर तालुक्यातला एक तरुण आहे. तो पुण्याला रोजची फेरी करणार आहे. दवाखान्याचे रोगी, शिकणारी मुले, मालाच्या पट्टीसाठी जाणारे शेतकरी, असे उतारू त्याला मिळतील. जुन्नर ते पुणे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर आहे. जाऊन येऊन आणि इकडचे तिकडचे धरून दिवसाला २०० किलोमीटर झाले. वर्षातले ३०० दिवस गाडी चालली, तर वर्षाला ६०,००० किलोमीटर होतात. घरची मोटार वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालली तरी पुष्कळ. म्हणजे घरची मोटार नऊ-दहा वर्षांत जेवढी झिजते, तेवढी ही एका वर्षात झिजते.

हे नीट लक्षात ठेवा. मोटारीचे वय वर्षांवर मोजतात खरे, पण तिची झीज किलोमीटरवर होते. पाच वर्षांत या तरुणाची मोटार तीन लाख किलोमीटर चालणार. तोवर तिची बरीच कामे निघालेली असतील, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला आकडा किलोमीटरचाच पाहील. पुढे कर्जाची मुदत ठरवताना ही गोष्ट कामी येणार आहे.

आता मोटार कोणती घ्यावी? पहिला प्रश्न इंधनाचा. भाव रोज बदलतात आणि गावोगाव वेगळे असतात, म्हणून आम्ही हिशेबाला सोपे आकडे धरतो. तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव घाला. पेट्रोल लिटरला १०८ रुपये आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये झाले. सी.एन.जी. गॅस किलोला ९० रुपये आणि गाडी किलोला २५ किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे झाले. दर किलोमीटरला २ रुपये ४० पैसे वाचले.

पण गॅसची गाडी विकत घेताना महाग पडते. समजा ९६,००० रुपये जास्त द्यावे लागले. हे पैसे किती दिवसांत फिटतील? ९६,००० ला २.४० ने भागा. उत्तर येते ४०,००० किलोमीटर. आपला तरुण महिन्याला ५,००० किलोमीटर चालतो. त्याचे पैसे आठ महिन्यांत वसूल. महिन्याला ५०० किलोमीटर चालणाऱ्याला मात्र त्यासाठी ८० महिने, म्हणजे जवळजवळ पावणेसात वर्षे लागतील. मोटार तीच, किंमत तीच. एकाला ती स्वस्त, दुसऱ्याला महाग.

म्हणून गॅसची गाडी डोळे झाकून घ्यावी असे नाही. आपल्या वाटेवर गॅसचा पंप आहे का, आणि तिथे रांग किती लागते, हे स्वतः जाऊन पाहावे. रांगेत रोजचा तास गेला तर तोही खर्चच. गॅसची टाकी मागची जागा खाते, मग उतारूंचे सामान कुठे ठेवणार? चढावर गाडी थोडी मंद वाटते. शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. हे टाळू नये. ती टाकी फार मोठ्या दाबाखाली असते, आणि तिच्यापुढच्याच बाकावर माणसे बसलेली असतात.

डिझेलची गाडी लांबच्या आणि सलग प्रवासाला चांगली. पण २०२० सालच्या एप्रिलपासून नव्या डिझेल गाड्यांना धूर गाळणारी जाळी आली आहे. गाडी सतत गावातल्या गावात, थांबत थांबत चालवली तर ती जाळी काजळीने तुंबते. विजेची मोटार चालवायला स्वस्त पडते. तिचा भाव, एका भरण्यात ती खरोखर किती चालते, आणि रात्री आपल्या दारात वीज नीट असते का, या तीन गोष्टी पाहून मगच विचार करावा.

दुसरा प्रश्न मिस्त्रीचा. तालुक्याच्या गावी त्या गाडीचा जाणता मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात का? घरची मोटार आठ दिवस गॅरेजात पडली तर फार काही बिघडत नाही. भाड्याची मोटार आठ दिवस पडली तर आठ दिवसांची कमाई गेली, आणि हप्ता काही थांबत नाही. म्हणून जी गाडी आपल्या रस्त्यावर पुष्कळ दिसते, तीच बहुधा बरी. त्यात नावीन्य नाही, हे आम्हांला कबूल आहे. पण एक पाहाच. अपघातात गाडी माणसाला किती वाचवते, याची परीक्षा आपल्या देशात २०२३ सालापासून 'भारत एनकॅप' या नावाने होते. गाडीला तारे मिळतात, जास्तीत जास्त पाच. ज्या गाडीची परीक्षा झाली असेल, तिचे तारे विचारून घ्या. रोज २०० किलोमीटर रस्त्यावर असणाऱ्याने ते विचारलेच पाहिजेत.

तिसरी गोष्ट पाटीची. भाड्याच्या मोटारीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरे. घरच्या मोटारीला पांढरी पाटी. कित्येक जण पांढऱ्या पाटीवरच भाडे मारतात. "कोण विचारतंय?" असे म्हणतात. अपघात झाला म्हणजे विचारतात! घरची म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालली असे दिसले, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग नुकसान, औषधपाणी आणि कोर्टाचा खर्च अंगावर येतो. पिवळ्या पाटीला परवाना लागतो, विमा महाग पडतो, आणि पासिंग वेळच्या वेळी करावे लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. हा खर्च हिशेबात धरूनच गाडी घ्यावी.

आता कर्जाकडे वळू. इथे आम्ही थोडे जास्त थांबणार आहोत. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

गाडीला दुकानात लावलेला भाव एक असतो, आणि गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा भाव निराळा असतो. मध्ये कर, नोंदणी, विमा आणि दुकानदाराचे किरकोळ आकार येतात. सगळे मिळून किती, ते लिहून मागा. विमा दुकानदाराकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेर दोन ठिकाणी भाव विचारावा.

समजा सगळे मिळून ८ लाख रुपये झाले. २ लाख पदरचे घातले आणि ६ लाखांचे कर्ज काढले. पाच वर्षांची मुदत. एक जण म्हणतो, "नऊ टक्के व्याज." दुसराही म्हणतो, "नऊ टक्के व्याज." दोघांचे सारखेच ना? नाही!

पहिला घटत्या मुद्दलावर व्याज घेतो. म्हणजे जेवढे देणे राहिले तेवढ्यावरच व्याज. त्याचा हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसतो. पाच वर्षांत एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार होते.

दुसरा फ्लॅट दराने व्याज घेतो. तो ६ लाखांवर वर्षाचे ५४,००० काढतो, त्याला पाचाने गुणतो, २ लाख ७० हजार व्याज मुद्दलात मिळवतो, आणि ६० हप्ते पाडतो. हप्ता बसतो १४,५०० रुपये. एकूण १ लाख २३ हजारांच्या आसपास जास्त द्यावे लागतात.

असे का होते? त्याच्या हप्त्यात १०,००० मुद्दल आणि ४,५०० व्याज असते. पहिल्या महिन्यात ६ लाखांवर ४,५०० व्याज, ठीक आहे. पण शेवटच्या महिन्यात आपले देणे उरते फक्त १०,०००. त्या दहा हजारांवर एका महिन्याचे व्याज घेतो ४,५०० रुपये! जुना सावकारसुद्धा असा दर तोंडावर सांगायला लाजला असता. घटत्या मुद्दलाच्या भाषेत हा दर नऊ टक्के नव्हे, साडेपंधरा टक्क्यांच्याही वर जातो.

म्हणून "व्याज किती?" एवढेच विचारू नये. "घटत्या मुद्दलावर की फ्लॅट?" असे विचारावे. यासाठी एक चांगली सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी सही घेण्यापूर्वी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. हप्ते किती आणि एकूण किती भरायचे, तेही असते. हा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. निदान तीन कामाचे दिवस त्या अटी तशाच राहिल्या पाहिजेत. म्हणजे घाई नाही. कागद घरी आणावा, दिव्याखाली बसून वाचावा, दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून पाहावेत. वाचायला शिकलो ते कशासाठी? कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर मात्र सही करू नये, समोरचा कितीही ओळखीचा असो.

मग मुदतीचा प्रश्न. "सात वर्षे घ्या, हप्ता हलका होईल," असे सांगणारे भेटतात. हप्ता हलका होतो हे खरे. नऊ टक्क्यांनी सुमारे ९,६५३ रुपये बसतो. पण व्याज १ लाख ४७ हजारांवरून जवळपास २ लाख ११ हजारांवर जाते. आणि आपली ती किलोमीटरची गोष्ट आठवा. सात वर्षांत या तरुणाची मोटार ४ लाख २० हजार किलोमीटर चालणार. मोटार थकली, मिस्त्रीची बिले वाढली, आणि हप्ता मात्र चालूच, असे दिवस येतील. जास्त पळणाऱ्या गाडीचे कर्ज पाच वर्षांच्या आत, जमले तर चारच वर्षांत फिटावे असे आमचे मत आहे. तेवढा हप्ता झेपत नसेल तर मोटार लहान घ्यावी.

झेपतो की नाही, हे कसे कळणार? किलोमीटरचा हिशेब मांडावा. गॅस ३ रुपये ६० पैसे. चार टायर २०,००० रुपयांना येतात आणि ४०,००० किलोमीटर चालतात असे धरले तर ५० पैसे. तेलपाणी आणि दुरुस्ती ७० पैसे. विमा, कर, परवाना, पासिंग वर्षाला ६०,००० धरले तर १ रुपया. हप्ता अडीच रुपये. पदरचे २ लाख पाच वर्षांवर विभागले तर सुमारे ६७ पैसे. झाले ८ रुपये ९७ पैसे. आता चालवणाराची मजुरी महिना २०,००० धरा. ते झाले ४ रुपये. एकूण १३ रुपयांच्या जवळ आलो. टोल निराळा.

"गॅसला साडेतीन-पावणेचार रुपये लागतात, मी अकरा रुपयांनी भाडे घेतो, म्हणजे सात रुपये सुटले," असे म्हणणारा खरे तर आपल्या मजुरीतले दोन रुपये दर किलोमीटरला घालवत असतो. आणि परतीला गाडी रिकामी आली तर? गाडी चालली २०० किलोमीटर, भाडे मिळाले १०० चे. भाडे ठरवताना हे धरावेच लागते.

लग्नसराईत आणि सुट्ट्यांत धंदा जोरात असतो. आषाढ-श्रावणात तो मंद होतो. हप्ता मात्र बारमाही आहे. पीककर्जासारखा तो सुगीची वाट पाहत नाही. म्हणून गाडी घेण्यापूर्वी निदान तीन हप्त्यांचे पैसे बँकेत बाजूला ठेवावेत. तेवढे ठेवता येत नसतील तर चार महिने थांबावे. हप्ता चुकला की दंड बसतो आणि नाव खराब होते. मग पुढे म्हशीसाठी कर्ज मागायला गेलो तरी ते नाव आडवे येते.

मोटारीच्या कर्जाला मोटार स्वतःच तारण असते. त्यासाठी वरून जमीन लिहून देऊ नये. भावाला किंवा मेहुण्याला जामीन घेतले, तर त्याच्यासमोर सगळा हिशेब ठेवावा. कर्ज बुडाले तर ते फेडायला त्यालाही धरतात.

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, तसा मोटारीच्या नोंदणीच्या कागदावर, म्हणजे आर.सी.वर, बँकेचा बोजा चढतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे तो आपोआप उतरतो, असा पुष्कळांचा समज आहे. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि सही-शिक्क्याचा नमुना नंबर ३५ घ्यावा, आर.टी.ओ.त अर्ज करावा, आणि नावापुढची बँकेची नोंद काढून घ्यावी. त्या दाखल्याला मुदत असते, म्हणून तो पेटीत पडू देऊ नये. विम्याच्या कागदावरही बँकेचे नाव असते. तेही त्याच आठवड्यात कमी करून घ्यावे.