छातीचा सीटी स्कॅन : हृदय व फुप्फुसविकारांचे एकत्रित मूल्यमापन

छातीचा सीटी स्कॅन ही क्ष-किरण व संगणक यांच्या साहाय्याने छातीच्या आडव्या छेदांची चित्रे मिळवण्याची तपासणी होय. ती फुप्फुसांसाठी केली असली, तरी दोन फुप्फुसांच्या मध्ये असलेले हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या याही त्याच चित्रांत उमटतात. त्यामुळे एकाच तपासणीतून फुप्फुसाचा कर्करोग, वातस्फीती आणि हृदयाच्या कोरोनरी धमन्यांचा विकार यांची चिन्हे शोधता येतात. धूम्रपान हे या तिन्ही विकारांचे महत्त्वाचे सामाईक कारण असल्याने हे विकार पुष्कळदा एकाच रुग्णात आढळतात.

इतिहास

ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. या तंत्राचा गणिती पाया स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आधुनिक यंत्रे रुग्णाने एकदा श्वास रोखून धरला असता संपूर्ण छातीचे चित्रण पूर्ण करतात.

तत्त्व

ऊतींची घनता हाउन्सफील्ड एककांत मोजतात. या मापनात पाण्याची घनता ० आणि हवेची उणे १००० मानली जाते. हवेने भरलेले फुप्फुस चित्रात काळे दिसते, तर हाडे व कॅल्शियमचे साठे पांढरे दिसतात. फुप्फुस आणि कॅल्शियम ही घनतेची दोन टोके असल्याने किरणोत्सर्गाची मात्रा कमी ठेवूनही दोन्ही ओळखता येतात.

फुप्फुसांतील निष्कर्ष

फुप्फुसातील लहान गाठींचा आकार, कडा आणि काळानुसार होणारी वाढ यांवरून कर्करोगाची शक्यता ठरवतात. वातस्फीतीमध्ये वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन हवेच्या पोकळ्या तयार होतात. पूर्ण श्वास घेतलेल्या स्थितीत उणे ९५० एककांपेक्षा कमी घनता असलेला भाग सामान्यतः वातस्फीतीचा मानतात.

हृदयातील निष्कर्ष

कोरोनरी धमन्यांच्या भिंतींत चरबीयुक्त थर साचत जातात आणि कालांतराने त्यांत कॅल्शियम जमा होते. १९९० मध्ये आर्थर ॲगॅट्स्टन व सहकाऱ्यांनी हे कॅल्शियम मोजण्याची पद्धत मांडली. तीत १३० किंवा अधिक एकके घनतेच्या ठिपक्यांचे क्षेत्रफळ आणि घनता यांवरून गुणांक काढतात. गुणांक शून्य असल्यास पुढील काही वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका कमी असतो. ४०० च्या वर असल्यास तो बराच वाढलेला असतो. अचूक गुणांकासाठी चित्रण हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून करावे लागते. छातीच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये हृदयाच्या हालचालीमुळे चित्र काहीसे अस्पष्ट येते. तरीही कॅल्शियम नाही, सौम्य, मध्यम किंवा तीव्र अशी प्रतवारी करता येते.

फुप्फुसधमनीची रुंदी हा दोन्ही अवयवांना जोडणारा दुवा आहे. दीर्घकालीन फुप्फुसविकारात फुप्फुसांतील रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या कप्प्यांवर ताण येऊ शकतो. फुप्फुसधमनी शेजारच्या महाधमनीपेक्षा रुंद दिसल्यास अशा ताणाची शंका घेतात.

चाळणी तपासणीतील स्थान

अमेरिकेतील राष्ट्रीय फुप्फुस चाळणी चाचणीत ५५ ते ७४ वयोगटातील, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या सुमारे ५३,५०० व्यक्तींचा समावेश होता. साध्या एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र या गटात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेही मृत्यूचे एक प्रमुख कारण होते. म्हणजेच कर्करोगासाठी तपासलेल्या व्यक्तीला खरा धोका हृदयापासून असू शकतो. फुप्फुसाचा अहवाल निर्दोष असला आणि धमन्यांतील कॅल्शियमची नोंदच झाली नाही, तर उपचाराची संधी हुकते. या कारणास्तव अमेरिकेतील हृदय-सीटी व छातीचे प्रतिमाशास्त्र या विषयांच्या व्यावसायिक संस्थांनी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत छातीच्या साध्या स्कॅनच्या अहवालातही कोरोनरी कॅल्शियम नोंदवावे, अशी शिफारस केली. या नोंदीसाठी वेगळा स्कॅन किंवा अधिक किरणोत्सर्ग लागत नाही.

मर्यादा

* शून्य कॅल्शियम म्हणजे निरोगी धमन्या असे नव्हे. कॅल्शियमरहित मऊ थर साध्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. धमनी किती अरुंद झाली आहे, हे पाहण्यासाठी रंगद्रव्य देऊन सीटी अँजिओग्राफी करावी लागते.
* वरील अमेरिकन चाचणीत संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निष्कर्ष अखेर कर्करोगाचे नव्हते. भारतासारख्या क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण व गाठीही कर्करोगासारख्या भासू शकतात.
* कमी मात्रेच्या स्कॅनमधील किरणोत्सर्ग सुमारे १.५ मिलिसीव्हर्ट असतो. तो नेहमीच्या छातीच्या सीटी स्कॅनपेक्षा बराच कमी, परंतु साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणून ही तपासणी सरसकट सर्वांसाठी सुचवली जात नाही.
* स्कॅनवरून अवयवांची रचना कळते. फुप्फुसांची कार्यक्षमता मोजण्यासाठी स्पायरोमेट्री आवश्यक असते. छातीत दुखत असल्यास चाळणी तपासणीच्या निर्दोष अहवालावर विसंबणे धोक्याचे असून तातडीची वैद्यकीय तपासणी गरजेची असते.

कॅल्शियमच्या नोंदीचा अर्थ वय, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूसेवन यांच्या संदर्भातच लावला जातो. कॅल्शियम आढळल्यास कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा विचार केला जातो. धूम्रपान सोडण्याचा लाभ मात्र हृदय व फुप्फुसे या दोहोंनाही होतो.