रक्त कमी का पडते?

घागर उचलली की धाप लागते. चार पावले चालले की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, "बाई आळशी झाली." आळस नव्हे हा. तिची खालची पापणी ओढून पाहा. पांढुरकी दिसली तर रक्त कमी असावे.

आपण श्वास घेतो. हवेतला प्राणवायू छातीत येतो. तिथून तो हातापायांना, मेंदूला, पोटातल्या बाळाला कोण पोचवतो? रक्तातल्या तांबड्या पेशी. पेशी म्हणजे हमालच. एक पेशी सुमारे 120 दिवस राबते आणि मरते. म्हणून हाडांच्या मगजात रोज नव्या पेशी घडतात.

हमाल कमी झाले की प्राणवायू पुरत नाही. मूत्रपिंडाला ते कळते. ते रक्तात एक रस सोडते. तो रस मगजाला हुकूम देतो, "पेशी वाढवा!" मूत्रपिंड बिघडले तर हुकूमच सुटत नाही, अशा रोग्याला डॉक्टर त्या रसाची सुई देतात. पण नुसत्या हुकमाने काय होणार? मुकादम कितीही ओरडला, माती नसली तर विटा पडतील का? पेशी घडवायला लोह लागते. आणखीही एक वस्तू लागते.

ती वस्तू मुंबईत कळली. 1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या. कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांना भारी पंडुरोग होई. काही दगावत. त्यांचे खाणेच निकस होते. पाव फुगवायला खमीर घालतात ना, त्याचा अर्क विल्सबाईंनी त्यांना दिला, आणि रक्त वाढू लागले! 1931 साली त्यांनी हे छापून जगाला कळवले. पुढे 1941 साली तेच सत्त्व पालकाच्या पानांतून निघाले. त्याला फोलिक आम्ल म्हणतात.

आशाताई गरोदर बाईला लाल गोळी फुकट देते. तिच्यात लोह आणि फोलिक आम्ल दोन्ही आहेत. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस घ्यायची. गोळीने शौच काळे होते. ते पाहून पुष्कळ बाया गोळ्या उकिरड्यावर टाकतात. मला याचे फार वाईट वाटते. अहो, अंगी न लागलेले लोह बाहेर पडते, इतकेच! गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबाचे पाणी चांगले.

कंधारच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. गरोदरपणी आकडा 11 च्या खाली नसावा.

आणि पालेभाजी उकडून पाणी पिळून टाकू नका. पानातले फोलिक आम्ल त्या पाण्यात उतरते. ते पाणी वरणात घाला.