तीव्र आम्लें आणि संगणकाचें गणित

गंधकाम्लांत पाणी ओतूं नये, पाण्यांत आम्ल थोडथोडें सोडावें, ही ताकीद आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत ऐकली असेल. तरीहि पात्र तापतेंच. साखर जशी पाण्यांत नुसती विरघळते, तसें हें नव्हे. येथें आम्लाचे रेणु फुटून विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, होतात आणि ते पाण्याला घट्ट धरून ठेवतात.

रासायनिक कारखाना बांधण्यापूर्वीं तो संगणकावर गणितानें उभा करून पाहण्याची पद्धत आतां रूढ झाली आहे. मनोरा किती उंच हवा, वाफ किती लागेल, हें सारें आज्ञावली सांगते. मात्र द्रव्यें एकमेकांशीं कशीं वागतात, हें तिला आधीं आपणच सांगावें लागतें. आणि घोटाळा होतो तो येथेंच.

नत्राम्ल ८३ अंश सेंटिग्रेडला उकळतें, पाणी १०० ला. दोघांना एकमेकांची कांहींच पर्वा नाहीं असें धरलें, तर विरळ नत्राम्ल उकळल्यावर मनोऱ्याच्या माथ्यावर निर्भेळ नत्राम्ल मिळावें. संगणक हें उत्तर बिनदिक्कत देतो, दशांशचिन्हापुढील चार आंकड्यांसह! प्रत्यक्षांत माथ्यावर येतें तें पाणी. आणि तळाशीं नत्राम्ल शेंकडा ६८ पर्यंत चढून अडून बसतें. तें मिश्रण सुमारें १२० अंशांना उकळतें, आणि त्याच्या वाफेंतहि तेंच प्रमाण असतें. पहिल्या उत्तरावर विसंबून मनोरा बांधणाऱ्याचा पैसा बुडालाच म्हणावयाचा.

यावर कारखानदारांचा जुना तोडगा म्हणजे गंधकाम्ल मिसळणें. तें पाण्याला धरून ठेवतें व नत्राम्लाची तीव्र वाफ वर निघते. पण गणित आतां अधिकच बिकट होतें. पाण्याला प्रोटॉन देणारें नत्राम्ल तीव्र गंधकाम्लापुढें स्वतःच प्रोटॉन घेतें, आणि त्यांतून नायट्रोनियम आयन जन्मतो; स्फोटक द्रव्यें व रंग यांच्या उद्योगांत बेंझीन, टोल्युइन यांवर नत्रक्रिया करतो तो हाच. आज्ञावलीच्या यादींत हा आयन नसेल, तर तिच्या दृष्टीनें तो जगांतच नाहीं.

डिबाय व ह्युकेल यांचें १९२३ चें सूत्र फक्त विरळ द्रावणांना लागू पडतें. तीव्र मिश्रणांसाठीं चेन व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं मांडलेलें समीकरण पुष्कळ वापरलें जातें. परंतु त्यांतील गुणांक प्रयोगांच्या मोजमापांवरून बसविलेले असतात, आणि मोजमापें जेथें संपलीं त्यापलीकडचें उत्तर म्हणजे केवळ अंदाज.

म्हणून गंधकाम्ल घालण्याआधीं नुसतें नत्राम्ल व पाणी संगणकावर उकळून पाहावें. शेंकडा ६८ वर तें अडलें नाहीं, तर पुढील आंकडे वाचण्याचे श्रम घेऊं नयेत.