व्हिसा नाकारला, तर कोर्टात काय मागायचं?

आज एका उदाहरणापासून सुरुवात करू. समजा, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले बोईसरचे एक आजोबा आहेत. मुलगी कॅनडात, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. आजी-आजोबा व्हिसाचा अर्ज करतात. उत्तर येतं, ‘मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल अशी खात्री वाटत नाही.’ घराचे कागद, बँकेतल्या ठेवी, इथेच राहणारा मुलगा, सगळं अर्जात दिलेलं. त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आता, परक्या देशात शिरायचा हक्क कोणालाच नसतो. मग कोर्टात जाऊन मागायचं काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रवेशाचा हक्क एक, आणि आपल्या अर्जाचा नीट विचार होण्याचा हक्क दुसरा.

आपल्याकडे या दुसऱ्या हक्काला बळ मिळालं ते पासपोर्टच्या खटल्यात. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधींना पासपोर्ट जमा करायला सांगितलं गेलं. कारण विचारलं, तर सरकार म्हणालं, जनहितासाठी कारण सांगणार नाही. २५ जानेवारी १९७८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम २१ मधली ‘कायद्याने ठरवलेली पद्धत’ न्याय्य आणि वाजवी हवी, मनमानी नको. गंमत बघा, तो आदेश कोर्टाने रद्द केला नाही. म्हणणं ऐकून घेऊ, ही सरकारची हमी पुरेशी मानली. तत्त्व जिंकलं, पासपोर्ट लगेच हाती आला नाही.

हा झाला नागरिक आणि त्याचंच सरकार यांच्यातला वाद. परक्या सरकारचं काय? कॅनडात, देशाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत फेडरल कोर्टाकडे जाता येतं. आधी परवानगी मात्र लागते. न्यायाधीश ‘मी असतो तर व्हिसा दिला असता का’ असं विचारत नाहीत. समोरच्या कागदांवरून हा निष्कर्ष वाजवीपणे निघतो का, एवढंच बघतात. निघत नसेल, तर अर्ज पुन्हा विचारासाठी, बहुतेक वेळा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. अमेरिकेत एवढंही सहसा नाही. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये, नागरिक पत्नीने नवऱ्याच्या व्हिसासाठी लढलेल्या खटल्यात, वकिलातीच्या निर्णयात हात घालायला नकार दिला.

म्हणजे आजोबा जिंकले तरी मिळणार काय, तर फेरविचार. तोवर नातवंड रांगायला लागलेलं असेल. मग उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. उपयोग हा, की कारण लिहावं लागणार हे ठाऊक असलेला अधिकारी कागद वाचतो. पुढच्या अर्जदाराला त्याचा फायदा होतो. न्याय कधी कधी असा उशिरा, आणि दुसऱ्याच्या दारी पोचतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.