शुश्रूषा करणाऱ्या हातांची दखल

देवळ्याजवळच्या एका वस्तीवर काही वर्षांपूर्वी मी एका वृद्ध रुग्णास तपासण्यासाठी नियमित जात असे. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू निकामी झाली होती. तरीही दीड वर्ष अंथरुणाला खिळून असलेल्या त्या गृहस्थांच्या पाठीवर शय्याव्रणाचा लवलेश नव्हता. एके दिवशी मी त्यांच्या मुलास कौतुकाने म्हणालो, "बाबांची सेवा उत्तम करता आहात तुम्ही." दाराशी गरम पाण्याचे पातेले घेऊन उभी असलेली सून काही न बोलता आत गेली. दर दोन तासांनी सासऱ्यांची कूस पालटणारी, उन्हाळ कांद्याच्या काढणीत दिवसभर राबून रात्रीही त्यासाठी उठणारी तीच होती. दोन महिन्यांनी चक्कर येते म्हणून ती दवाखान्यात आली, तेव्हा तिचा रक्तदाब १७०/१०० भरला. त्या घरी इतक्या वेळा जाऊनही मी तो एकदाही मोजला नव्हता. ती चूक माझी होती.

दीर्घ आजाराची शुश्रूषा हे एका पथकाचे काम असते. सून, मुलगी, नातवंडे, पगारी मदतनीस, गावातील आशाताई असे सारे त्यात येतात. ज्याच्या शब्दाला घरात मान असतो, तो या पथकाचा प्रमुख. इतरांच्या कष्टांची दखल घेणे हे त्याचे कर्तव्यच होय.

याचा उत्तम दाखला जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला आणि गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. या स्त्रिया नियमितपणे केंद्रावर जमत. आपण गावात काय पाहिले, काय केले हे प्रत्येकजण सांगे व डॉक्टर ते लक्षपूर्वक ऐकत. ज्यांचे कोणी कधी ऐकले नव्हते, त्यांना यातून आत्मविश्वास लाभला. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्या यशात या सेविकांचा वाटा मोठा होता.

मात्र कौतुक मोबदल्याची जागा घेऊ शकत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. तेव्हा आपल्या घरी मदतनीस असेल, तर तिचा पगार वेळेवर देणे आणि आठवड्याची सुट्टी न चुकविणे हीच तिच्या कामाची पहिली कदर समजावी.

दखल कशी घ्यावी?

एक, नेमके बोलावे. "छान करतेस" यापेक्षा "तू वेळेवर कूस पालटलीस, म्हणून बाबांच्या पाठीला जखम झाली नाही" हे वाक्य अधिक मोलाचे. त्यातून आपले काम कोणीतरी पाहिले, हे कळते.

दोन, चारचौघांत बोलावे. पाहुणे विचारपूस करावयास येतात, तेव्हा खर्चाचा हिशेब सांगण्याआधी रात्री कोण जागते ते सांगावे. डॉक्टर घरी आले की तिलाच पुढे बोलवावे. रुग्णाची खरी माहिती तिच्याकडेच असते.

तीन, लहान यश साजरे करावे. वार्धक्यातील अनेक आजार पूर्ण बरे होत नाहीत. बरे होण्याचीच वाट पाहत राहिल्यास आनंदाचा दिवस उगवणारच नाही. आधाराने टाकलेली चार पावले, भरून आलेली जखम, महिनाभर न चुकलेली औषधे, यांपैकी काहीही घडले की त्या दिवशी घरात शिरा व्हावा. मात्र तो शुश्रूषा करणारीने करू नये, तिला करून वाढावा.

चार, विश्रांती द्यावी. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कोणी जागावे. दर तीन महिन्यांनी तिचाही रक्तदाब तपासावा. झोप न लागणे, चिडचिड, वजन घटणे, सतत उदास वाटणे ही लक्षणे दिसल्यास तिला डॉक्टरांकडे न्यावे.

ज्येष्ठ वाचकहो, आता आपल्याशी थोडे. आपण अंथरुणावर असलात, तरी या पथकाचे वडीलधारे आपणच आहात. "माझ्यामुळे सर्वांना त्रास" असे म्हटल्याने कोणाचाच भार हलका होत नाही. त्याऐवजी "पोरी, आज तुझ्यामुळे मला बरे वाटले" एवढे म्हणावे. वाचा गेली असल्यास हात हाती घ्यावा. त्या सुनेच्या सासऱ्यांनी पुढे तेच केले. डाव्या हाताने तिच्या मस्तकावर हात ठेवला. ती मला हे सांगताना रडली आणि हसलीही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिले, त्याला तूप-हळद चोळल्याविना आपल्याला सण गोड लागत नाही. मुक्या जनावराचे कष्ट ओळखणाऱ्या आपल्या घरांत माणसाच्या कष्टांसाठी दोन शब्द नसावेत, हे बरे नव्हे. ते आज रात्रीच, जेवणाच्या पानावर बोलावेत.