व्याकरण सांगता येणे आणि भाषा येणे

'ही लिव्ह इन पुणे.' पदवीच्या वर्गात असे वाक्य देऊन चूक शोधा, दुरुस्त करा, नियम सांगा, असे विचारले जाते. वस्तुतः ही तीन वेगळी कामे आहेत. चूक कानाच्या सवयीनेही कळते. नियम सांगायचा तर तृतीय पुरुष, एकवचन, वर्तमानकाळ यांचे भान लागते. हे झाले सांगता येणारे ज्ञान. दुसरे असते अंगवळणी पडलेले.

शाळेचे तोंड न पाहिलेली आपली आई 'म्या आंबा खाल्ला, भाकर खाल्ली' असे अचूक बोलते. कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते, हा नियम तिने कधी ऐकलेला नसतो. म्हणून तिला मराठी येत नाही असे कोण म्हणेल?

ही दोन ज्ञाने वेगळी मोजता येतात काय? रॉड एलिस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीच्या १७ रचनांवर पाच चाचण्या घेतल्या. ऐकलेले वाक्य बोलून दाखवणे, गोष्ट सांगणे आणि घाईने चूक-बरोबर ठरवणे यांत अंगवळणी पडलेले ज्ञान प्रकटले. सवडीने चुकीची वाक्ये ओळखणे व नियम सांगणे यांत सांगता येणारे ज्ञान दिसले.

आपल्या वर्गांतही हे दिसते. घरात इंग्रजी ऐकलेला विद्यार्थी बरोबर बोलतो, पण नियम विचारला की अडखळतो. घरातला पहिलाच शिकणारा नियम बिनचूक लिहितो आणि बोलताना मात्र 'एस' गाळतो. त्याचे बोलणे ऐकून त्याला व्याकरण येत नाही असा शिक्का मारणे हा अन्याय होय. नियमाच्या गुणांवरून त्याला इंग्रजी येते असे समजणे हीदेखील फसवणूकच.

सांगता येणारे ज्ञान कमी प्रतीचे नव्हे. ज्याच्या घरात इंग्रजी नाही, त्याला ते पुस्तकातून मिळवता येते. सवडीने लिहिताना, लिहिलेले तपासताना ते कामी येते. पण ते बोलण्यात उतरायला ऐकण्या-बोलण्याची भरपूर संधी लागते, आणि ती समान वाटलेली नाही.

म्हणून शिक्षकांनी तीन कामांना वेगळे गुण द्यावेत, पुरेसा वेळ द्यावा आणि नियम मराठीत सांगण्याची मुभा ठेवावी. नियम समजला आहे काय, हे तपासताना तो कोणत्या भाषेत सांगितला याला महत्त्व नाही. आपण नेमके काय मोजतो आहोत, हे ज्या परीक्षेला ठाऊक नाही, तिला कुणाची लायकी ठरवण्याचा अधिकार नाही.